परातीतलं नाव

“ताटात मावणार नाही, परात आणा,” नवी नवरी शाल्मली म्हणाली, तशी सासरची माणसं हसली. तांदळांत नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहायचं होतं. आत्याबाईंनी ‘मधुमती’ ठरवून ठेवलं होतं. नवरा अंगठी धरून नुसताच बसला होता. आज आपलं नाव गेलं तर पुन्हा मिळायचं नाही, हे शाल्मलीला ठाऊक होतं.

परात आली. तिने तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातातली अंगठी घेतली आणि लिहिलं: १२३४५६७८९८७६५४३२१.

“हा गं कुणाचा फोन नंबर?” आत्याबाईंनी विचारलं.

“कॉलेजात शिकवते मी ही संख्या. एक हा आकडा ओळीने नऊ वेळा लिहा, त्या संख्येला त्याच संख्येने गुणा, की ही येते. ओवीसारखी चढते, तशीच उतरते. माहेरच्या बाजूने वाचा, सासरच्या बाजूने वाचा, बदलत नाही. मीही बदलणार नाही, आत्याबाई. शाल्मली आले, शाल्मलीच नांदेन.”

“आमच्याकडे सगळ्या सुनांनी बदललंय हो. विचार तुझ्या सासूला. काय गं सुलोचने?”

सासूबाई पुढे आल्या. आता या आकडे पुसणार, म्हणून शाल्मलीने परातीवर हात आडवा धरला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला, एकाही आकड्याला धक्का न लावता काठाशी बोट टेकवलं, आणि लग्नानंतर त्या घरात कुणीच न घेतलेलं आपलं माहेरचं नाव लिहिलं.

येसू.