अंदाजे चाळीस लाख

जाहिरातीत ‘अंदाजे चाळीस लाख’ लिहिलं होतं. हेमलतानं उंबरा ओलांडला आणि एजंटानं तिच्या मनगटावर बांधलेल्या पट्ट्यात बेचाळीस उमटले.

“तोंड वाकडं कर,” तिचा नवरा दिगंबर कुजबुजला.

“पट्टा तोंड बघत नाही हो, मनातला आनंद हुंगतो.”

“अंदाजे म्हणजे अंदाजे, वहिनी,” एजंट बोरसे निर्लज्जपणे हसला. “घर आवडलं की भाव चढणारच.”

याच लबाडीपायी त्यांची तीन घरं हातची गेली होती. पंचेचाळीसच्या वर ऐपत नव्हती. आणि इथे स्वयंपाकघरात सकाळचं ऊन थेट ओट्यावर उतरलेलं! पट्ट्यात सेहेचाळीस झाले.

हेमलतानं घाबरून डोळे मिटले आणि मुद्दाम बाबांना आठवलं. दवाखान्यात शेवटचं घोटभर पाणी मागणारे बाबा, आणि डॉक्टरांच्या धाकानं ते न देणारी ती. तिनं त्यांना ओट्यापाशी उभं केलं, हलू दिलं नाही. आकडा भराभर उतरला. चाळीसवर येताच दिगंबर ओरडला, “घेतलं!”

आता घर त्यांचं आहे. रोज सकाळी ओट्यावर ऊन येतं, त्याच्याबरोबर बाबा येतात, पाणी मागतात. हेमलतानं खिडकीला जाड पडदा लावलाय. भर दिवसा दिवा लावून ती चहा करते.