छत्तीस फोटोंचा रोल

आईच्या तोंडात सात दात उरले होते: वर चार, खाली तीन. म्हणून अक्काच्या लग्नातल्या बाराही फोटोंत तिने तोंडावर पदर धरला होता. माझ्या लग्नाला भालकीच्या व्हिडिओवाल्यासाठी अप्पांनी पाच हजार बाजूला ठेवले. मी म्हणाले, "त्याच्यात आईची कवळी करू. फोटोला एक रोल बास." अप्पा भडकले, "सोयऱ्यायला काय सांगू, व्हिडिओ दातात गेला म्हणून?" "नवरी तू हायस का मी?" म्हणत आई पदराआडूनच हसली. "व्हिडिओत तीन तास हा पदरच बघायचा व्हय, अप्पा?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी अप्पाच तिला उदगीरला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. लग्नानंतर छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आला. त्यातल्या एकोणीस फोटोंत आई होती. एकोणीसच्या एकोणीस फोटोंत तिचे दात दिसत होते, पाठवणीच्या फोटोतसुद्धा.