चिंध्यांचा बोळा

आंबा घाट चढताना ट्रक ओढेना, नुसता काळा धूर ओकू लागला, की वडील, म्हणजे आबा, वैतागून तो विकून टाकतील आणि आपल्याला गडमुडशिंगीत म्हशी बघत घरी राहता येईल, अशी उदयसिंहला आशा होती. पण आबांनी ट्रक नेऊन उभा केला तो उचगावात मोहसीन मिस्त्रीच्या गॅरेजला. नवा एअर फिल्टर, मोठा पाईप, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, सगळं एका दमात घालायला सांगितलं.

हवेचा जुना पाईप उतरवताना मोहसीननं आतनं चिंध्यांचा बोळा ओढून काढला. "आबा, ह्यो काय आपोआप आत गेला न्हाय. कुणीतरी मुद्दाम कोंबलाय. टर्बोला हवाच मिळंना, तर गाडी ओढंल कशी?"

उदयसिंह मान खाली घालून नवा पाईप पुसू लागला. आबांनी बोळा उलटापालटा करून बघितला, पोराकडं बघितलं आणि ट्रकची चावी त्याच्या हातात ठेवली.

मग त्याच्या कानाशी येऊन पुटपुटले, "मीबी चिंध्याच कोंबलत्या, लेका. तुझ्या आज्यानं मलाबी नवा पाईपच घालून दिलता."