गाणं कोणतंही चालेल

कोंडाबाईनं गाण्यांचा डबा टेबलावर आदळला. रेडिओ स्टेशनातली ही तिची तिसरी फेरी होती.

"हे घ्या तुमचं. मला नको."

डबा म्हणजे नवा कोरा स्पीकर. आत पाच हजार जुनी गाणी भरलेली. बटण दाबलं की चालू. कार्यक्रमप्रमुख तेजस्विनी मॅडमनी तो मागच्या आठवड्यात तिला फुकट दिला होता, म्हातारी एकदाची गप्प बसावी म्हणून. म्हातारी गप्प बसली नव्हती. अवसरी बुद्रुकहून वडापच्या जीपनं मंचरला आली होती, डबा पदराखाली धरून जिना चढली होती.

"आजी, नेमका प्रॉब्लेम काय आहे?" तेजस्विनीनं कपाळाला हात लावला. "पहिल्यांदा आलात, म्हणालात कार्यक्रम बिघडला. गाणी तीच आहेत, एकही बदललेलं नाही. दुसऱ्यांदा आलात, दुपारीही जुनी गाणी सुरू केली. मग घरी डबा दिला. आता काय करू? गायक आणून बसवू तुमच्या ओट्यावर?"

"गायक काय करायचाय मला? शेण काढंल का त्यो?"

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमागं चांगदेव बसला होता. अकरा वर्षं 'सोनसकाळ' त्यानंच चालवला होता. सकाळी साडेसहा ते साडेसात. आंबेगाव-जुन्नरमधून फर्माइशीची पत्रं यायची, तो नावं वाचायचा, मग गाणं लावायचा. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून तेजस्विनी आली. तिनं घड्याळ लावून मोजलं. तासातली अकरा मिनिटं नुसती नावांत जात होती. जुनी गाणी काढून नवी लावा, असा वरून हुकूम होता. चांगदेव भांडला. जन्मात पहिल्यांदा भांडला. शेवटी तडजोड झाली. गाणी जुनीच राहतील. नावं बंद, निवेदकाचं बोलणंही बंद. दोन गाण्यांच्या मधे पुण्यात रेकॉर्ड केलेला कुणीतरी ओरडणार, "कडक मंचर, राव!"

चांगदेव हो म्हणाला. गाणी वाचवली म्हणून गावभर सांगत सुटला. गाण्यांसाठी भांडणं सोपं असतं. गाणी उलटून काही मागत नाहीत.

कोंडाबाईचा आरडाओरडा ऐकून त्याला आतून बरंच वाटत होतं. दर सोमवारी तिचं पोस्टकार्ड यायचं. अक्षर नातीचं, प्रज्ञाचं. तिसरीतल्या पोरीचं होतं ते हळूहळू कॉलेजातल्या पोरीचं झालं. मजकूर मात्र तोच. 'श्रीमती कोंडाबाई मारुती रोकडे, विहाराजवळ, अवसरी बुद्रुक. गाणं कोणतंही चालेल.' बाकीचे लोक एकेका गाण्यासाठी हट्ट धरायचे. ही बाई सगळं आपल्यावर सोपवते. आपल्या निवडीवर केवढा विश्वास! ते कार्ड त्यानं चारचौघांना दाखवलंही होतं.

"मॅडम, मी सांगतो," तो उठला. "मावशींना माणसाचा आवाज लागतो. ते कडक-बिडक नाही चालत. अकरा वर्षं माझा आवाज कानात बसलेला..."

"तुमच्या आवाजाला काय सोनं लागलंय व्हय, भाऊ?" कोंडाबाई फाडकन म्हणाली.

तेजस्विनीला हसू आलं. चांगदेव भडकला.

"मग तुला पाहिजे तरी काय, मावशी? गाणी नको, डबा नको, मी नको! तुमची गाणी राहावी म्हणून मी नोकरी पणाला लावली!"

"नाव पाहिजे," कोंडाबाई म्हणाली. "माझं नाव. ह्या डब्यात पाच हजार गाणी हायेत म्हनं. लई बटनं दाबली. माझं नाव कुठं नाय त्यात."

"अहो आजी, मग नातीला सांगा ना. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून देईल. दिवसभर ऐका."

"मला माझं नाव ठावं हाय, पोरी. मी कशाला ऐकू?"

ती डबा ढकलून टेबलाला टेकून उभी राहिली.

"सकाळी सातला डेअरीत दुधाची रांग असती. तिथं खिळ्याला रेडिओ टांगलाय. माप घेणारा गोरख माझ्या नातवाच्या वयाचा. 'ए कोंडे, सरक मागं. तुझा कॅन लोकांच्या कॅनला लावू नको.' सगळी रांग ऐकती. कुनी बोलत नाय. अन मंगळवारी तुमी म्हनायचा, श्रीमती कोंडाबाई मारुती रोकडे. सगळी रांग वळून बघायची. गोरख बी. 'आणा बाई, कॅन आणा,' म्हनायचा."

भिंतीवरचा स्पीकर ओरडला, "कडक मंचर, राव!" तेजस्विनीनं हात लांब करून तो बंद केला.

चांगदेवनं टेबलावरचा उद्याच्या कार्यक्रमाचा कागद ओढला. खिशातून पेन काढलं.

"चांगदेव, आपली तडजोड झाली होती," तेजस्विनी म्हणाली.

"माझी झाली होती. हिची कुठं झाली होती?"

सातच्या रकान्यात त्यानं 'श्रीमती' लिहिलं. पुढचं नाव लिहायला त्याला कार्ड बघावं लागलं नाही. तेजस्विनीनं कागद ओढून घेतला नाही.

कोंडाबाई जिन्यापाशी पोचली होती.

"मावशी," चांगदेवनं हाक मारली. "गाणं कोणतं लावू? या वेळी तरी सांगा."

"लावा कोणतंबी," ती कठडा धरून वळली. "पन नाव घेतल्यावर जरा उशिरा लावा. गाणं लागलं, का परत 'ए कोंडे' सुरू व्हतं."