देवडीतला डाव

उत्खननात ब्रशने माती सारता सारता तिचा हात थबकला. उत्तर इंग्लंडातल्या त्या रोमन किल्ल्याच्या दरवाजाशी, पहारेकऱ्यांच्या देवडीतल्या फरशीवर एकात एक तीन चौकोन कोरलेले होते. नवकांकरी! जुन्नरकडच्या किल्ल्यावर, अशाच देवडीत, ती वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, खडे मांडून हाच डाव खेळायची.

तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. जन्मभर त्या जुन्नरकडच्या किल्ल्याचा पहारा केलेल्या अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन चौकोन न्याहाळले.

“कोण होतं गं राखणीला?”

“रोमन शिपाई, अण्णा. अठराशे वर्षांपूर्वी.”

“म्हंजे त्यांचाबी दिस सरत नव्हता,” म्हणत अण्णांनी हात जोडले.

संध्याकाळी खड्डा पुन्हा बुजवायचा होता. पुढे कुणी खणलं तर आधीचं खोदकाम कळावं, म्हणून तळाशी आजचं एखादं नाणं ठेवायची उत्खननवाल्यांची रीत असते. तिने पाकिटातला रुपया काढला आणि चौकोनाच्या कोपऱ्यावर ठेवला.

माती लोटायला फावडी सरसावली, तेव्हा तिने पुन्हा फोन लावला. “अण्णा, पहिली चाल केली.”

“मग थांबव की त्यांना जरा,” अण्णा म्हणाले. “आता पाळी शिपायाची हाय.”