बिनचाकांची सायकल

“आधी मी. थोरला आहे,” म्हणत दादाने हेल्मेट उचललं. गुलमर्गच्या उतारावर आमच्यासाठी एकच स्की-बाइक उरली होती. सायकलच ती, पण चाकांच्या जागी घसरपट्ट्या. पेडल नाही, ब्रेक नाही. शिकवणारे दाढीवाले गृहस्थ बजावत होते, चार वाजता सगळं बंद होतं. साडेतीन वाजले होते.

दादा ब्याऐंशीचा, मी अठ्ठ्याहत्तरची. लहानपणी घरात एकच सायकल होती, त्याची. खंडेनवमीला तिला धुऊन, तेल देऊन झेंडूची माळ घालायची मी, फिरवायचा तो. मागितली की म्हणायचा, “दिवेलागणीला देतो.” आणि दिवेलागण झाली की आई मला परवचा म्हणायला घरात बोलवायची.

आज दादाला कानटोपी काढायची नव्हती आणि तिच्यावर हेल्मेट बसत नव्हतं. माझं केव्हाच बसलं होतं. तो पट्ट्याशी झटत असताना मी सीटवर बसले आणि पाय उचलले.

“अगं चिमे, पडशील!”

ब्रेक नसल्याचं मला अर्ध्या उतारावर आठवलं. समोरच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतले, पण हँडल सोडलं नाही.

दादा धापा टाकत आला. मला ओढून काढलं, पाठीवरचा बर्फ झटकला, सायकल उभी केली.

“लागलं नाही ना? मग आण इकडे.”

खाली अजून अर्धा उतार बाकी होता. मी पुन्हा सीटवर बसले.

“दिवेलागणीला देते हं, दादा.”