आत

पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरीही चुकली तर मॅच गेली. शाल्मलीच्या हातातला बॉल घामाने निसटत होता.

टेनिसच्या सरांनी ‘नको’ हा शब्दच बंद केला होता. “डबल फॉल्ट नको म्हटलंस की मनाला डबल फॉल्टच ऐकू येतो. त्यापेक्षा ‘आत’ म्हण.”

ती “आत, आत” पुटपुटली, पण मनात ‘नको’च येत होतं.

“डबल फॉल्ट नको हं, बाळा,” कुंपणाच्या जाळीमागून बाबा म्हणाले.

तिने चिडून मागे पाहिलं. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. त्यांना सरांनी काहीच शिकवलं नव्हतं.

“बाबा, ‘आत’ म्हणा.”

“आत,” बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

तिने बॉल उडवला आणि नजर त्याच्यावरच ठेवली.